न चुकणारा शिष्य

"म्हणजे एकदा सांगितलं की झालं?" आबाजींनी विचारलं.

"एकदाच. चूक दाखवली की संपलं. पुन्हा ती चूक होत नाही म्हणजे नाही."

हेरंबनं लॅपटॉप मठीच्या ओसरीवर मांडला होता. याच ओसरीवर तो आबाजींकडे तर्कशास्त्र शिकला आणि माईंच्या हातचं जेवून मोठा झाला. पुढं शहरात जाऊन त्यानं शिकणारं यंत्र घडवलं. आज तो एकच मागणं घेऊन आला होता. आबाजींनी या यंत्राला शिष्य करून घ्यावं.

"आणि माणूस?"

"माणसाचा मेंदू... रागावू नका आबाजी, पण माहीत असूनही तीच चूक पुन्हा पुन्हा करतो."

"तू करायचास खरा. एका सूत्रापायी अख्खा पावसाळा खाल्लास माझा."

"म्हणून तर हा शिष्य आणलाय."

आबाजी हसले. मग स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी हाक मारली, "अगं, हेरंब आलाय. दोन भाकरी जास्त टाक!"

आत काही हललं नाही.

माई संक्रांतीच्या आधीच गेल्या होत्या. आता वैशाख लागला होता.

"आबाजी... माई नाहीत."

"हो रे. नाहीच."

ते उठून आत गेले. परात वाजली. डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले. मग पुन्हा तीच हाक...

"मीठ कुठं ठेवलंयस गं?"

हेरंबला आपलंच बोलणं आठवलं.

भाकऱ्या जाड झाल्या होत्या, कडेनं करपल्याही होत्या. दोघांनी त्याच खाल्ल्या.

"ती गेल्याचं तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मीटिंगमध्ये होतो. तुम्हाला निरोप पाठवला होता."

"पोचला. सुरेख लिहिला होतास. मग?"

"मग... परत मीटिंगमध्ये गेलो."

"त्यानंतर कधी चुकलास? ती आहे असं धरून काही बोललास, कुणाला काही सांगितलंस?"

"नाही."

"एकदाही?"

हेरंबनं ताट पुढं सरकवलं.

आबाजींनी त्याचं ताट उचललं.

"एकदा सांगितलं आणि झालं."

हेरंबनं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. मागणं पुन्हा काढायची त्याला हिंमत झाली नाही. त्यानं वाकून नमस्कार केला, पायरी उतरला आणि वहाणा चढवता चढवता, पूर्वी रोज करायचा तसं, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड केलं.

"माई, येतो हं!"

शब्द निघून गेले होते.

तो तसाच उभा राहिला, एक पाय वहाणेत, एक मातीत. मान वर करवेना.

आबाजी दारात आले.

"तुझं यंत्र असं चुकेल ना, हेरंबा... त्या दिवशी घेऊन ये."