गडाचा दरवाजा कुणी उघडला?

मंजुळा गुरव हिच्या कादंबरीत गडावरच्या एका बड्या असामीने भरजरी शेल्याच्या लोभाने शत्रूला दरवाजा उघडून दिला, आणि इकडे हिरडगाव संस्थानातली तीन सरदार घराणी एकदम पेटली! त्या असामीचं नाव मंजुळेने दिलंच नव्हतं. गड महाराजांच्या पणजोबांचा, वेढ्यात ते आणि त्यांचे तीन सरदार अडकलेले, एवढंच पुस्तकात होतं. तरी दणदणे म्हणाले, "हा आमच्याच घराण्यावर घाला!" ढालेकर म्हणाले, "छे, आमच्यावर!" तोफखाने तर पुस्तक न वाचताच ओरडत होते.

अप्पासाहेब महाराज महाहट्टी. त्यांनी मंजुळेला दरबारात उभं केलं.

"या तिघांचं समाधान कर. पण दरवाजा उघडणारा एक, तेव्हा माफीही एकाच घराण्याची मागायची. आणि छापलेलं एक अक्षर बदलायचं नाही. जमलं नाही, तर सगळ्या प्रती आमच्या आंघोळीच्या बंबात!"

"एकाची माफी मागितली तर बाकीचे दोघे चिडतील, सरकार!"

"ते तू बघ! उद्या सकाळी उत्तर हवं."

छापखान्याचे मालक वामनराव वाटभर रडत होते. "तरी म्हणत होतो बाई, एखादी गोड प्रेमकथा लिहा! प्रेमात पडलेल्यांचे वंशज भांडायला येत नाहीत!"

मंजुळेलाही रडू येत होतं. देवळात पत्रावळी लावता लावता तिने ती कादंबरी रचली होती, शेजारणींना ऐकवून ऐकवून घडवली होती. आणि तिच्या पानांवर महाराजांचं पाणी तापणार? तिला भयंकर राग आला. राग आला की तिचं डोकं झकास चालायचं.

दुसऱ्या दिवशी ती पितळी तबकात एकच विडा घेऊन दरबारात आली. मान द्यायचा तर विडा पुढे करायचा आणि ज्याचा मान त्यानेच तो उचलायचा, हा तिथला रिवाज.

"सरकार, हा माफीचा विडा. ज्यांच्या पूर्वजांनी दरवाजा उघडला, त्यांनी उचलावा. साऱ्या दरबारासमोर मी त्यांचे पाय धरते!"

ढालेकरांचा हात सवयीने पुढे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"उचला की, ढालेकर!" दणदणे म्हणाले.

"मी कशाला? आमचे पणजोबा तेव्हा गडावर नव्हतेच! सासुरवाडीला गेले होते!"

"आमचेही नव्हते!" दणदणे घाईने म्हणाले. "ते... ते नवस फेडायला गेले होते!"

तोफखान्यांनी घाम पुसला. "आमचे तर तेव्हा जन्मलेच नव्हते!"

"म्हणजे तुमचं कुणाचंच गाऱ्हाणं नाही?" मंजुळेने विचारलं.

"मुळीच नाही!" तिघे एका सुरात ओरडले.

महाराज चिडले. "अरे, तुमच्यापैकी एकाचाही पणजोबा गडावर नव्हता? मग तिथे उरलं कोण? दरवाजा उघडला कुणी?"

गडावर आता एकटे महाराजांचे पणजोबाच उरले होते. मंजुळेने तबक उचललं, गादीपुढे नेऊन ठेवलं आणि हात जोडले.

"मग सरकार, विडा आपणच घेताय ना?"

महाराजांनी विड्याकडे पाहिलं, सरदारांकडे पाहिलं, आणि त्यांचं पोट गदागदा हलू लागलं. "ने, ने तो विडा! अगं, कादंबरी आहे ती! कादंबरीतला दरवाजा, कुणीही उघडो!"

हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं मंजुळेला दिलं आणि हुकूम सोडला, "पुस्तकं हत्तीवर चढवा! गावभर मिरवणूक काढा! आणि पुढे हे तीन सरदार, घरोघरी प्रती वाटत!"

वामनराव डोळे पुसत हत्तीकडे बघत राहिले. "बाई, पुढच्या कादंबरीत या हत्तीचा पणजोबा घेऊ या का?"

"नको हो!" मंजुळा म्हणाली. "याची समजूत कोण घालणार?"

महाराज पुन्हा हसत सुटले.