बयजाची गाडी आणि दोन नमुने

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, एका राणीच्या राज्यात एक उजाड माळ होता. त्याच्या एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नसे. सावलीला झाड नाही, ओंजळीला पाणी नाही. माळ ओलांडायला निघालेले व्यापारी, यात्रेकरू, माहेरवाशिणी कधी पोचत, कधी पोचत नसत. जे पोचत नसत त्यांची हाडं पुढच्या वाटसरूंना वाट दाखवत.

राणीनं ठरवलं, त्या माळाच्या मधोमध बारव बांधायची. बारव म्हणजे पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येईल अशी मोठी, दगडी विहीर. तिनं दवंडी पिटवली, "ज्याला बारव घडवता येते त्यानं आपलं काम घेऊन यावं. ज्याचं काम मनाला पटेल, त्याच्या हाती माळ देऊ."

आता बारव काही खांद्यावर टाकून दरबारात नेता येत नाही. म्हणून कारागीर मऊ दगडात आपल्या कामाचे लहान लहान नमुने कोरून नेत.

दूरच्या एका वस्तीत बयजा नावाची पाथरवटाची मुलगी राहत होती. विहिरी, हौद, पायऱ्या यांची आखणी करण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण वस्तीजवळची खाण पाण्यानं भरली होती आणि काम थांबलं होतं. एकेक घर छिन्नी गुंडाळून ठेवत होतं. हे काम मिळालं तर अख्खी वस्ती पुन्हा उभी राहणार होती. नाही मिळालं तर पांगणार होती.

बयजानं आजवर हात लावलेल्या प्रत्येक वस्तूचा नमुना बैलगाडीत भरला. बारवा भरल्या, गुरांचे हौद भरले, तुळशीवृंदावनं, दीपमाळा, जाती, उखळं, एवढंच काय, लहानपणी कोरलेली चिमणीसुद्धा भरली.

तिचे वडील आबा गाडीला दोर आवळत म्हणाले, "काही मागं ठेवू नकोस, पोरी. कुणास ठाऊक, राणीसाहेबांच्या मनात काय भरेल!"

दरबारात बयजाचे नमुने मांडता मांडता दुसऱ्या कारागिरांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. राणी आली. तिच्यासोबत राज्यातली देवळं-वाडे आखणारे थोरले स्थपती होते, वयानं वाकलेले, काठी टेकत चालणारे. राणीची पहिली नजर पडली ती एका उखळावर. मग जात्यावर. मग चिमणीवर.

"यातलं तुझं जीव ओतून केलेलं काम कुठलं?" राणीनं विचारलं.

"सगळ्यातच जीव ओतलाय, राणीसाहेब."

राणीनं कोपऱ्यातली एक बारव उचलली. "हिच्या पायऱ्या अशा बुटक्या का?"

बयजाला कारण ठाऊक होतं, पण एवढ्या माणसांत ते कुठून सुरू करावं कळेना. "चांगल्या दिसतात म्हणून," ती म्हणाली.

"आणि ही दीपमाळ बघा, सरकार! हा हौद तर बघाच!" आबा मधेच पुढे झाले.

राणीनं बारव खाली ठेवली. "बरं," एवढंच म्हणून ती पुढच्या कारागिराकडे वळली. शेवटी तिनं सगळ्यांना सांगितलं, "परवा पुन्हा दरबार भरेल. ज्याला पुन्हा काही दाखवायचं असेल त्यानं यावं."

बयजा नमुने गाडीत भरू लागली. डोळ्यांत पाणी दाटलं होतं, म्हणून कुणाकडे बघत नव्हती. काठीचा आवाज जवळ आला तेव्हा तिनं मान वर केली. थोरले स्थपती उभे होते.

"ती बुटक्या पायऱ्यांची बारव," ते म्हणाले, "ती कोपऱ्यात का ठेवली होतीस?"

"जागाच तेवढी उरली होती, बाबा."

म्हातारा हसला नाही. "उद्या सूर्य उगवताना डोंगरावरच्या देवळात ये," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बयजा डोंगर चढली. त्या देवळाची कीर्ती तिनं लहानपणापासून ऐकली होती. तिला वाटलं होतं, आत पाऊल ठेवायलाही जागा नसेल इतकं कोरीवकाम असेल. पण स्थपतींनी तिला आधी गाभाऱ्याकडे नेलंच नाही. त्यांनी बाजूच्या एका कोठडीचं दार उघडलं.

बयजा जागच्या जागी थिजली.

कोठडी मूर्तींनी भरली होती. नाचणाऱ्या अप्सरा होत्या, त्यांच्या पैंजणांचा नाद दगडातून ऐकू येईल अशा. पिसं मोजता येतील असे मोर होते. एक हत्ती होता, त्याच्या कानाची कड इतकी पातळ की पलीकडचा उजेड तिच्यातून झिरपत होता. बयजानं हात पुढे केला आणि स्पर्श न करताच मागे घेतला.

"हे... हे सगळं इथं अंधारात का?"

"आमच्या गुरूंनी घडवून घेतलं आणि देवळात बसवलं नाही."

"काही खोट निघाली?"

"एकातही नाही. तो हत्ती माझा आहे. तरुणपणाची किती वर्षं त्याला दिली ते मलाच ठाऊक. गुरूंनी त्याला कोठडीत ठेवायला सांगितलं त्या दिवशी मी जेवलो नव्हतो." म्हाताऱ्यानं हत्तीच्या पाठीवरून हात फिरवला, जिवंत जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "चल आता आत."

देवळाचा मंडप उंच होता, इतका उंच की वरचा अंधार आभाळासारखा वाटत होता. भिंती कोऱ्या होत्या. नुसता घासून गुळगुळीत केलेला काळा पाषाण. आणि समोर एकच मूर्ती, उभी, पुरुषभर उंचीची, डोळे मिटलेली. झरोक्यातून उगवतीचं ऊन आलं आणि सरळ तिच्या चेहऱ्यावर पडलं.

बयजाच्या अंगावर काटा आला. आपण कशासाठी आलो, कोण आहोत, दरबार, गाडी, सगळं ती विसरली. किती वेळ तशी उभी होती, तिचं तिलाही कळलं नाही.

बऱ्याच वेळानं स्थपती हलक्या आवाजात म्हणाले, "हे देऊळ बांधलं तेव्हा मोठा दुष्काळ होता. आसऱ्याला आलेल्या लोकांच्या अंगावर धड वस्त्र नव्हतं. देवासमोर जायची त्यांना लाज वाटे. ते दाराबाहेरूनच हात जोडत. म्हणून गुरूंनी देवाचे डोळे मिटले. मग लोक आत आले."

बयजानं मूर्तीकडे पुन्हा पाहिलं. मघाशी तिला वाटलं होतं, देव ध्यानात आहे. आता तिला दिसलं की देव कुणाची तरी लाज राखून उभा आहे. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मूर्ती तीच आहे," म्हातारा म्हणाला. "मग बदललं काय?"

"ती कुणासाठी घडवली ते कळलं, बाबा."

"आणि तो हत्ती इथं या भिंतीला असता तर?"

बयजा कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली. "तर मी आधी हत्ती बघितला असता," ती हळूच म्हणाली.

डोंगर उतरून ती धर्मशाळेत आली आणि गाडीतला एकेक नमुना बाहेर काढून ओसरीवर मांडू लागली. उखळं बाजूला गेली. जाती बाजूला गेली. चिमणी तिनं ओच्यात ठेवली आणि मग तीही बाजूला ठेवली. आबा तोंड कडू करून बघत होते. दीपमाळ बाजूला जाताच त्यांना राहवेना.

"ही पण नको? अगं, ही बघायला लोक लांबून यायचे!"

"म्हणूनच नको, आबा. ती तुम्ही घडवली आहे. मी नुसते चिरे उचलून दिले. माझी म्हणून कशी दाखवू?"

आबांनी स्वतःच दीपमाळ फडक्यात गुंडाळली.

शेवटी ओसरीवर दोनच नमुने उरले. त्यातला एक बघून आबा दचकले. "हा कशाला? ही तर फसलेली बारव! चारचौघांत अब्रू घालवायची आहे का?"

"माळावर बारव बांधायची आहे ना आबा? मग हिनं मला जे शिकवलं ते राणीसाहेबांना कळायला हवं."

दुसऱ्या दरबारात बयजा दोन गाठोडी घेऊन शिरली तेव्हा कुणीतरी खुदकन हसलं. "गाडी वाटेत लुटली वाटतं!" बयजाला ते ऐकू आलं, पण ती थांबली नाही. तिनं बुटक्या पायऱ्यांची बारव खिडकीपाशी उजेडात ठेवली. तिच्या तळाशी तांब्यातलं थोडं पाणी ओतलं. भोवती दुसरं काही ठेवलं नाही. राणी समोर येताच ती बोलू लागली.

"राणीसाहेब, आमच्या शेजारच्या गावात द्वारका नावाची बाई आहे. गावच्या विहिरीला उंच उंच पायऱ्या होत्या. दिवस भरत आलेले असताना ती भरली घागर घेऊन चढत होती. पाय घसरला. ती वाचली, पोटातलं लेकरू गेलं. गावानं मला नवी बारव बांधायला बोलावलं तेव्हा मी आधी छिन्नी हातात घेतली नाही. विहिरीवर बसून राहिले. बाया कुठं दम खायला थांबतात, कुठल्या हातानं भिंत धरतात, घागर कुठं टेकवायला बघतात, तेवढंच पाहत राहिले. म्हणून या पायऱ्या बुटक्या आहेत. जिथं दम लागतो तिथं हा ऐसपैस टप्पा आहे. आणि हा कोनाडा कमरेएवढ्या उंचीवर आहे, म्हणजे वाकल्याशिवाय घागर टेकवता येते."

राणी खाली बसली. हो, राज्याची राणी, सरळ जमिनीवर बसली. तिनं आपली दोन बोटं पाण्यापाशी टेकवली आणि बाई चालावी तशी ती पायऱ्यांवरून चढवू लागली. टप्प्यावर बोटं आपोआप थांबली. राणीनं श्वास सोडला. ऊन पाण्यावरून उसळून तिच्या चेहऱ्यावर हलत होतं.

"आणि द्वारका?" तिनं विचारलं.

"तिला पुढं मुलगी झाली. बाळंत होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत द्वारका याच बारवेवर येत होती."

मग बयजानं दुसरा नमुना पुढे ठेवला. "ही माझी फसलेली बारव आहे. पावसाळ्यानंतर लगेच मी ती आखली, विहीर काठोकाठ भरलेली असताना. पुढं अवर्षण पडलं. पाणी शेवटच्या पायरीच्याही खाली गेलं. माणसं एकमेकांना दोरानं खाली सोडायला लागली. पायऱ्यांची बारव असून पायऱ्या कामाला आल्या नाहीत. चूक माझी होती. तेव्हापासून मी जिथं बारव बांधायची तिथं आधी एक उन्हाळा राहते."

"त्या माळावर उन्हाळा काढशील?"

"काढीन, राणीसाहेब. त्याशिवाय एक चिराही ठेवणार नाही."

राणीनं थोरल्या स्थपतींकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. राणी उठली आणि म्हणाली, "माळ तुझा."

दरबाराच्या कडेला आबा उभे होते. बयजा जवळ गेली तर ते बुटक्या पायऱ्यांच्या नमुन्याकडेच टक लावून बघत होते. "पोरी," ते म्हणाले, "द्वारकेच्या गावच्या बारवेचे चिरे मी या हातांनी बसवले. पण ती बारव मी आज पहिल्यांदा पाहिली."

पुढे बयजानं तो उन्हाळा माळावर काढला. खोल खड्डा खणून त्यात पाणी कुठवर खाली जातं ते पाहिलं आणि त्याच्याही खाली पायऱ्या नेल्या. वस्तीतल्या घराघरांतून छिन्न्या बाहेर निघाल्या. कित्येक वर्षं माळावर दगडांचा नाद घुमत राहिला.

बारव पुरी झाली त्या वैशाखात व्यापाऱ्यांचा एक तांडा माळावरून आला. ओठ फुटलेले, बैल धापा टाकणारे. काठाशी येताच पुढचा गाडीवान थांबला, आणि त्याच्यामागून एकेक करत सगळेच थांबले. त्यांच्या पायांपासून पायऱ्यांची ओळ खाली, आणखी खाली, धरतीच्या थंड पोटात उतरत गेली होती, आणि अगदी तळाशी आभाळाचा एक निळा तुकडा पडला होता. तहानेनं व्याकूळ झालेली ती माणसं पाण्याकडे धावली नाहीत. आधी त्यांनी डोक्यावरची पागोटी उतरवली. मग तांड्यातली एक म्हातारी हळूहळू उतरू लागली. टप्प्यावर बसली, दम घेतला, पुन्हा उतरली आणि तिनं ओंजळ भरली.

तात्पर्य: हातून पुष्कळ घडलं असलं तरी समोर मोजकंच ठेवावं, आणि ते कुणासाठी व का घडवलं हे खरेपणानं सांगावं, तरच बघणाऱ्याला काम दिसतं.