डुंबऱ्याची राहिलेली शर्यत

फार पूर्वी एका तळ्यात दर पौर्णिमेला बेडूकमाशांची शर्यत होई. जागा मोजक्याच, आणि शेपटी गळाली की शर्यतीत पोहणं बंद. एकदा पाणी आटलं, शर्यत झालीच नाही, आणि तेवढ्यात डुंबऱ्या नावाच्या बेडूकमाशाची शेपटी गळाली.

तो शर्यत भरवणाऱ्या कासवाला म्हणाला, "कासवआजोबा, माझी हुकलेली शर्यत तरी पोहू द्या ना!"

"मग माझी जागा जाणार?" अजून शेपटी असलेली धाकटी टिपरी फुरंगटली.

आजोबांना दोघांचंही पटत होतं. अखेर ते चाचरत म्हणाले, "टिपरे, तू पुढच्या वेळी हं."

पुढच्या पौर्णिमेला तळं पुन्हा भरलं आणि शर्यत सुटली. डुंबऱ्यानं नवे पाय झाडले आणि तो थेट काठावर जाऊन पडला. सगळे खदखदून हसले.

"ये बाळा, पुन्हा सुरू करू," आजोबा कळवळले.

डुंबऱ्या गवताकडे बघतच राहिला. "थांबा हो आजोबा, हे काठावरचं जग केवढं मोठं आहे! शर्यतीत माझ्या जागी टिपरीला घ्या."