मुकी दवंडी

शेळ्या आल्या आणि चिंचनगरीच्या सगळ्या कुरडया खाऊन गेल्या! पापड गेले, सांडगे गेले, राजवाड्याच्या गच्चीवरचं राणीसाहेबांचं वाळवणही गेलं. आणि राखणीला बसलेल्या बाया काठ्या हातात धरून शेजारीच बसल्या होत्या. मजेत बघत होत्या!

"अगं, मग हाकललं का नाहीत?" राणीसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"हाकला अशी दवंडी कुठं झाली, राणीसाहेब?"

आता बोला! पण बायांना तरी काय म्हणायचं? चिंचनगरीच्या धुंडिराज महाराजांना दवंडीचा भारी सोस. ऊन पडलं, वाळवण घाला, दवंडी! थंडी पडली, गोधड्या काढा, दवंडी! दूध वर आलं की खाली उतरवा, याचीसुद्धा दवंडी! असं होता होता हलगी वाजल्याशिवाय गावात कोणी इकडची काडी तिकडे करेना. आणि नेमका त्या दिवशी दवंडीवाल्या राणोजीचा घसा बसला होता.

वाड्याच्या चौकात महाराज भर उन्हात बसून संतापले होते. मागे छत्रधारी मिटलेलं छत्र घेऊन मख्ख उभा होता.

"माझ्या रयतेची अक्कल शेळ्यांबरोबर चरायला गेली की काय? प्रधानजी! आत्ताच्या आत्ता दवंडी द्या. सगळ्यांनी आपापली अक्कल वापरावी!"

प्रधान अनंतपंत गावभर ओरडून आले. तासाभरात वाड्यापुढे ही गर्दी!

"पंत, अक्कल जेवणाआधी वापरायची की जेवणानंतर?"

"आमच्या घरात माणसं पुष्कळ. सगळ्यांनी वापरायची, की एकानं वापरली तरी चालेल?"

पंत घाम पुसत आत पळाले. महाराजांच्या रागाचा पारा चढला, आणि तो सगळा राग बिचाऱ्या राणोजीवर निघाला.

"तुझ्या घशापायी हे झालं! उद्या मावळतीच्या आत अशी दवंडी दे, की लोकांची अक्कल ठिकाणावर आली पाहिजे. नाही आली, तर बिऱ्हाड उचलायचं आणि वेशीबाहेर चालू लागायचं!"

राणोजीनं तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली.

शेजारी त्याची बायको येसू उभी होती. घरात लेक बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. तिला घेऊन जायचं कुठं?

"महाराज," ती म्हणाली, "धन्याला बोलता येत नाही. दवंडी मी दिली तर?"

"तू दे, नाहीतर तुमच्या मांजरीला देऊ दे! अक्कल आली म्हणजे झालं!"

घरी येऊन येसू रात्रभर तळमळली. काय ओरडायचं? जे ओरडावं ते लोक मुकाट्यानं करणार. आणि सांगितलेलंच करायचं, तर तिथं अक्कल हवी कशाला?

सकाळी तिनं चूल पेटवली आणि हलगी जाळावर धरली. सादळलेलं कातडं शेकून ताणल्याशिवाय हलगी बोलत नाही. नीट तापली का बघायला तिनं एक टिपरी मारली. तडाड!

शेजारची पारूबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. "काय गं येसू? काय हुकूम?"

येसूचं लक्ष हलगीत. ती काहीच बोलली नाही. पारूबाई घुटमळली. हलगी वाजली म्हणजे काहीतरी असणारच! तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि एकदम किंचाळली, "अगं बाई! वासरू सुटलं की! सगळं दूध पिऊन टाकतंय!"

पदर खोचून ती गोठ्याकडे पळाली. येसू तिच्याकडे बघतच राहिली. मग खुदकन हसली आणि हलगी खांद्याला अडकवून निघाली.

तडाड! तडाड! लोक दारात आले. "काय हुकूम? अगं, बोल की!" येसू ओठ मिटून पुढं गेली. तिची वाचा बसली की काय? पण हलगी तर वाजली! लोक आपापल्या दारात उभे राहून कारण शोधायला लागले. कोणाला रांगतं पोर विहिरीकडे निघालेलं दिसलं, त्यानं ते धावत जाऊन उचललं. कोणाला उतू जाणारं दूध दिसलं. कोणाच्या परसात त्याच शेळ्या शिरल्या होत्या. "हाड्! हाड्!" या वेळी काठ्या शेळ्यांच्या पाठीवर पडल्या!

वाजवत वाजवत येसू वाड्याच्या चौकात आली. महाराज कालच्यासारखेच उन्हात शिजत बसले होते. तडाड! छत्रधारी दचकला. वर पाहिलं, खाली पाहिलं, महाराजांच्या टकलावरून निथळणारा घाम पाहिला आणि फट्कन छत्र उघडलं!

"अरेच्चा! तुला कोणी सांगितलं?" महाराज चमकले.

"कोणी नाही, महाराज. हलगी वाजली म्हणून बघितलं, तर तुम्ही भाजत होतात."

तेवढ्यात अनंतपंत धावत आले. "महाराज, नवल झालं! शेळ्या हाकलल्या! पोरं सांभाळली! गावात जो तो आपल्या मनानं कामाला लागलाय!"

महाराज येसूकडे वळले. "बाई, असा कोणता हुकूम दिलास तू?"

"एकही नाही, महाराज. मी नुसती हलगी वाजवली. हुकूम ज्याचा त्यानं शोधला!"

"शाब्बास!" महाराज उठून उभे राहिले. "भले शाब्बास! प्रधानजी, ताबडतोब दवंडी द्या, की उद्यापासून सगळ्यांनी..."

तडाड! येसूनं टिपरी हाणली.

महाराजांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग स्वतःच्या पुढं केलेल्या बोटाकडे पाहिलं. बोट हळूच खाली आलं. आणि महाराज असे खो खो हसले, की पोट धरून परत खाली बसले!

येसूला जरीचं लुगडं मिळालं, लेकीच्या बाळंतपणाला राणीसाहेबांकडून तुपाचा डबा आला. आणि राणोजीला घसा बरा होईपर्यंत घरबसल्या पगार चालू राहिला. पुढं तो घसा काही लवकर बरा झाला नाही म्हणे!