गोंदा गुरवाचा मांडव

फार फार मागली गोष्ट, आमच्या आजोबांच्या आजोबांनाही ऐकूनच ठाऊक असलेली. कुसवडे गावात गोंदा नावाचा एक गुरव होता. देवाला बेल-फूल आणि लग्नाला मांडव, ही त्याची कामं. त्याच्या मांडवाला बाजारचं काही लागत नसे. आंब्याचे टहाळे, जांभळीचा पाला, करवंदीच्या जाळ्या आणि छतातून लोंबणारे बहाव्याचे पिवळे घोस. वऱ्हाडी जेवायचं विसरून वर बघत बसायचे, असं म्हणतात.

गोंदाला बायको नव्हती. एकच लेक, सगुणा. वैशाखात तिचं लग्न झालं, तेव्हा त्याने सगळं रान दारात आणून बांधलं. लेक नदीपलीकडे सासरी गेली.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. लेक मांडवपरतणीला माहेरी येते, मगच मांडव उतरवतात. पाचव्या दिवशी सगुणाचा दीर निरोप घेऊन आला.

"मामा, वहिनी उद्या येती म्हनत्यात. लई आतुरल्यात."

गोंदाने वर पाहिलं. पाला करपला होता, घोस झडून नुसते देठ उरले होते. त्याला लाज वाटली. साऱ्या गावाचे मांडव सजवणाऱ्याची लेक वाळक्या पाचोळ्याखाली यायची?

"तिला म्हनावं, दोन दिस दम धर. वरच्या रानातला बहावा फुलतोय. नवा मांडव करतो, मग ये."

हौसेला मोल नसतं म्हणतात. गोंदाच्या हौसेला होतं.

दोन दिवस तो रानात राबला. मांडव पुन्हा पिवळाधमक झाला. तिसऱ्या दिवशी उन्हं कलली तरी लेक येईना. आला तो दीर, एकटाच, डोक्याला काही न बांधता. त्या दोन दिवसांत पलीकडच्या गावात पटकीची साथ शिरली होती. सगुणाला घोटभर पाणीही पचलं नाही, रात्रीतच ती गेली.

गोंदा रडला नाही. दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन रानात गेला आणि ताजा पाला घेऊन आला. गाव समजवायला आलं, "गोंदा, उतरव आता मांडव."

"लेक आल्याबिगर मांडव उतरवत्यात व्हय?" तो म्हणाला.

मग रोज तेच. पाला वाळायचा, तो नवा बांधायचा. बारा वर्षं, असं म्हणतात. दुष्काळात रानात हिरवं पान उरलं नाही, तेव्हाही त्याच्या मांडवात बहावा फुललेला असे. झाडं त्याला बघून आपणहून फांद्या खाली करत, असं म्हणतात. शेवटी मांडवाच्या वाळक्या सागाच्या मेढींनी, म्हणजे खांबांनी, मुळं धरली, त्यांना पालवी फुटली. एवढं नवल झालं, पण जिच्यासाठी झालं ती काही आली नाही. एका सकाळी गोंदा त्या मेढींपाशी वाटेकडे तोंड करून बसलेला सापडला. डोळे उघडे होते. ते कुणाला मिटवता आले नाहीत.

अजूनही कुसवड्यात मांडवाचा वाळला पाला कुणी बदलत नाही. लेकीचा निरोप आला की तिला कुणी पुढचा दिवस सांगत नाही. पूर्वी तिला आणायला त्याच पावली गाडी जुंपत, आता जीप काढतात. चूल पेटलेली नसो, घर सारवलेलं नसो, कुणी थांबत नाही. लेक दारात उतरली की घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस तिच्या पायांवर पाणी घालतं, तोंडावरून हात फिरवतं आणि म्हणतं, "आलीस बाई." एवढंच म्हणतात.