धुरपदेचा वाव

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आंजणवाडीत कुणालाच ते सांगता यायचं नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याचं तर मुळीच ऐकू नका.

तेव्हा वाडीत धुरपदा नावाची बाई दोर वळायची. अंबाडीच्या सालीचे धागे, म्हणजे वाख, भिजवायचा, पिळायचा आणि वळलेला दोर वावानं मोजायचा. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक, चिमा. ती दिली दरीपलीकडच्या घारमाचीला. बायका म्हणाल्या, "लांब दिलीस गं." धुरपदा हसली. "लांब कुठं? ह्ये काय समोर दिसतंय घर."

दिसतंय ते जवळच, असं तिला वाटलं. पण मधे दरी, खाली गर्जणारी नदी, आणि वळसा घालून जायचं तर दोन दिवसांची वाट. आईच्या हाका पलीकडे पोचत नव्हत्या. चिमा सकाळी दारात यायची, हात वर करायची. धुरपदा कड्यावरच्या अंजनाच्या झाडाखाली उभी राहून हात वर करायची. पदराच्या गाठीत चिमाचं लहानपणचं कडं होतं. तेवढ्यावर दिवस जायचा.

मग एका पावसाळ्यात घारमाचीचा मागचा कडा कोसळला आणि वाट गेली. मागे दरड, पुढे दरी, मधे चार घरं अडकली. कणग्या रिकाम्या होत चालल्या. पलीकडे आता रोज एकच चूल पेटे, आणि चिमा पोटुशी होती. ती हात वर करायची तेव्हा दुसरा हात कमरेवर असायचा, ते आईला इथून दिसायचं.

दरीवर दोर बांधून माणसं त्यावरून अलीकडे आणायची, एवढा एकच उपाय होता. पण सगळ्या वाडीतला वाख गोळा केला तरी जेमतेम. दोर गरजेपेक्षा लांब वळला तर बारीक होऊन तुटणार, आखूड वळला तर पोचायचा नाही. दरी किती रुंद ते आधी कळायला हवं.

"आगं, दरीवर दोरी टाकल्याबिगर मोजायची कशी?" भागोजी पाटलांनी विचारलं.

"मोजाया टाकायला कशापायी हवी? बघूनच कळंल," धुरपदा म्हणाली.

असं म्हणतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लेक दिसावी म्हणून ती रोज अंजनापासून कड्याच्या टोकाच्या काळ्या खडकापर्यंत चालायची, आणि नजर चिमाच्या दारावरच ठेवायची. चालता चालता मान थोडी थोडी वळायची. एक दिवस तिच्या ध्यानात आलं, दार जवळ असतं तर मान जास्त वळली असती, लांब असतं तर कमी. म्हणजे किती लांब, ते मानेलाच ठाऊक आहे.

तिनं अंजनापासून खडकापर्यंतचं अंतर वावांनी मोजलं. खळ्यावर दोन खुंट्या ठोकल्या, एका वावाला एक बोट या मापानं. दोन काठ्या टोकाशी बांधून अंजनापाशी धरल्या, एक खडकाकडे, एक पलीकडे चिमाच्या दारापुढच्या धोंड्याकडे. काठ्यांचा तो कोन न हलवता खळ्यावर आणला आणि त्या रोखानं सुतळी ताणली. खडकापाशीही तसंच केलं. दोन सुतळ्या जिथं एकमेकींना छेदून गेल्या तिथं तिनं गाठीतलं कडं सोडून ठेवलं. मग अंजनाच्या खुंटीपासून चिमाच्या त्या कड्यापर्यंत बोटं मोजली. जितकी बोटं, तितके वाव.

आज शाळेत पोरं साइन-कोसाइन करत मान मोडतात ते हेच. एक बाजू मोजली आणि दोन कोन धरले की उरलेला त्रिकोण लपून राहत नाही. धुरपदेला साइन ठाऊक नव्हता. तिला लेक हवी होती.

दोर वळला. इतके दिवस वारा सुतळी पलीकडे जाऊ देत नव्हता; तो पडला तेव्हा धुरपदेनं गोफण फिरवली आणि दगडाला बांधलेली सुतळी पलीकडे गेली. जन्मभर ज्वारीवरची पाखरं राखलेला हात होता तो. सुतळीमागून दोर गेला आणि जावयानं तो धोंड्याला आवळला. मग या बाजूचं टोक अंजनाला बांधायला घेतलं, तर ते एक वाव आखूड.

दोर आडवा बांधला की त्याला झोळ पडतो. दोर वळणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं होय? होतं की. पण खळ्यावरची सुतळी ताठ होती, आणि तिचा जीव त्या सुतळीवरून सरळ लेकीकडे निघून गेला होता.

वाख संपला होता. लुगडी जोडली तर टराटरा फाटत होती. कड्यावरची ती जागा एका माणसापुरतीच. धुरपदा पुढं झाली, म्हणाली, "माझं हात हायती की." डावं मनगट तिनं अंजनाला बांधून घेतलं आणि उजव्याला दोर. हात पसरले, बरोबर एक वाव भरला.

असं म्हणतात, तेव्हा नदीनंही गर्जायचं थांबवलं. पोटुशी म्हणून चिमा पहिली निघाली. दोराला लटकत, धापा टाकत ती आली आणि आईच्या पुढ्यात उतरली. कधीपासून धुरपदेला एकच हवं होतं, लेकीला पोटाशी धरायचं. लेक हाताच्या अंतरावर होती आणि दोन्ही हात अडकलेले. मागं अजून माणसं होती.

"आई," चिमा म्हणाली.

"तूच धर मला," धुरपदा म्हणाली. "मला सोडता येत न्हाई."

चिमानं तिला मिठी मारली आणि शेवटचं माणूस येईस्तोवर सोडली नाही.

सगळी उतरली, गाठी सोडल्या. पण धुरपदेच्या हातांतलं बळ गेलं ते गेलंच. नातू झाला, तो तिच्या मांडीवर ठेवायचे. लोक म्हणत, म्हातारी त्याच्याकडे नुसतं बघे आणि खांदे हलवून पाही. चिमा मात्र परत घारमाचीला गेली नाही. ती आईला घास भरवायची, वेणी घालायची.

आंजणवाडीत आजही दोर मोजून झाला की वर एक वाव सोडतात. त्याचे पैसे घेत नाहीत, तो धुरपदेचा. आणि लेक माहेरी आली की आई उंबऱ्यात दोन्ही हात पसरून नुसती उभी राहते. ती लेकीला जवळ घेत नाही. लेकीनंच पुढं होऊन आईला धरायचं असतं, आणि आईचे हात खाली येईस्तोवर सोडायचं नसतं.