औपगवाचा शाप

पूर्वी कृतयुगात, देव माणसांच्या हाकेला ओ देत असत त्या काळी, सह्याद्रीच्या एका उत्तुंग शिखरावर सुधेश्वर नावाचे स्वयंभू शिवलिंग होते. तेथे इंद्रादी देव येत, यक्ष-गंधर्व येत, छत्रचामरांसह राजे येत आणि डोक्यावर गाठोडी घेतलेल्या म्हाताऱ्याही येत. पर्वकाळी तर पाय ठेवायला जागा नसे. लिंगाला स्वहस्ते पाणी घालण्याची मुभा मात्र सर्वांना होती.

त्या शिखराच्या पायथ्याच्या अरण्यात औपगव नावाचा महातपस्वी मुनी पत्नी अरणीसह राहत असे. सुधेश्वराला एकदा आपल्या हाताने पाणी घालावे, एवढीच अरणीची इच्छा होती. लग्न होऊन आश्रमात आल्या दिवशीच तिने ती बोलून दाखवली होती.

"भद्रे," औपगव म्हणाला, "देवाला जाणे म्हणजे शेजारी विस्तव मागायला जाणे नव्हे. सारे यथाशास्त्र झाले पाहिजे."

आणि शास्त्राला काय तोटा! एका वर्षी गुरू ग्रहाचा अस्त होता, अस्तात प्रथम यात्रा निषिद्ध. पुढे गोत्रात कुणी वारले, सुतक आले. सुतक फिटले तर पर्वणी आली, आणि गर्दीत सोवळे राहणार कसे? मुनी पंचांग मांडी, मोडी, पुन्हा मांडी. देवाचा मान राखण्याच्या नादात बायकोचे केस पांढरे झाल्याचे त्या ज्ञानसूर्याला दिसले नाही. अरणी दर वेळी बांधलेले गाठोडे सोडून ठेवी. मनात मात्र तिला फार वाईट वाटे.

अखेर हेमंत ऋतूत निर्दोष मुहूर्त सापडला. तोवर तिच्या पायांतले बळ गेले होते. काठी टेकत, दम खात ती शिखरावर पोचली. पिंगलक नावाचा शिवगण द्वारपाल होता. तिला पाहताच त्याने राजांची रांग थोपवली.

"माते, या. आपणांस रांग कसली? आत चला."

अरणीने उंबऱ्याकडे पाऊल उचलले, तोच औपगव गरजला, "थांब! आधी तीर्थस्नान, मग क्षेत्रपाल, मग देव! ओलेत्याने जावे ही येथली रीत आहे."

"मुनिवर, रीत धडधाकटांसाठी आहे," पिंगलक म्हणाला.

"द्वारपालाने मला शास्त्र शिकवू नये!"

अरणीने हात जोडले. "स्वामी, जन्मभर तुमचे ऐकले. दार उघडे आहे, आज तरी जाऊ द्या."

"जन्मभर ऐकलेस, तर आता शेवटी बोल लावून घेऊ नकोस."

ती वळली. दाराजवळच्या तीर्थाच्या हिमशीतल कुंडात तिने एक बुडी मारली आणि पायरीवरच प्राण सोडला.

तिचा देह उचलून औपगव दाराशी आला. दुःख त्याला झाले, नाही असे नाही. पण ज्याने जन्मात स्वतःची चूक पाहिली नाही त्याचे दुःख दुसऱ्याच्याच उरावर बसते. देह खाली ठेवून, ओंजळीत पाणी घेऊन तो कडाडला, "हे निष्ठुर शंभो! माझ्या साध्वीला जे लाभले नाही ते कुणालाच न लाभो! तुझे हे लिंग पाषाणाच्या उदरात गडप होवो!"

गर्भगृहात साक्षात् शंकर प्रकटले. त्यांचे डोळे ओले होते. "औपगवा, मी तिच्यासाठी दार उघडे ठेवले होते. आडवा तू आलास. पण तपस्व्याची वाणी मी खोटी करणार नाही. तथास्तु. आता दार का मिटले हे येणाऱ्यांना सांगायला कुणीतरी हवे. युगान्तापर्यंत ते तू सांगशील."

शिखराचा कडा गर्भगृहावर मिटला. लिंग दिसेनासे झाले.

तेव्हापासून शिखरावर नुसता कातळ आहे आणि त्याच्यासमोर औपगव बसलेला आहे. पहिली आली ती एक वाकलेली म्हातारी, हातात पाण्याचा गडू घेऊन.

"बाबा, देव कुठं आहे? म्हातारा आजारी होता, म्हणून यायचं राहिलं. मला उशीर झाला का?"

"नाही, आई," औपगवाला सांगावे लागले. "मी दार बंद केले."